पाटीवरचं नाव : एका ट्रान्स महिला अधिकाऱ्यासाठी चाललेली मोहीम

या प्रकरणातल्या अधिकाऱ्यांना मी इथे फक्त 'मॅडम' म्हणणार आहे. ओळख लपवायची म्हणून तर आहेच, पण सव्वा वर्ष चाललेली सगळी खटपट याच शब्दावरून सुरू झाली, हेही कारण आहे. जिल्हा आणि खातं सांगत नाही, काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. मॅडमनी हा मजकूर आधी वाचला आणि दोन परिच्छेद काढायला लावले. ते काढले आहेत.

मी स्वतः निवृत्त अव्वल कारकून. नोकरीची शेवटची दहा वर्षं कर्मचाऱ्यांच्या सेवानोंदी सांभाळणाऱ्या आस्थापना शाखेत गेली आणि त्याच काळात कर्मचारी संघटनेचं कामही केलं. सेवापुस्तकातली एक ओळ माणसाचं किती भलं किंवा वाईट करू शकते, हे मी जवळून पाहिलं आहे. मोहिमेत माझं काम मसुदे लिहिण्याचं आणि कागद सांभाळण्याचं होतं.

पार्श्वभूमी

मॅडम राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून वर्ग दोनच्या राजपत्रित अधिकारी झाल्या. पहिली सहा वर्षं त्यांनी जन्माच्या वेळी मिळालेल्या नावाने नोकरी केली. दोन ठिकाणी नेमणूक झाली, दोन्हीकडचे कार्यमूल्यमापन अहवाल चांगले. मग त्यांनी रजा घेतली, उपचार घेतले, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळवलं आणि नाव बदलल्याचं राजपत्रात प्रसिद्ध करून घेतलं. सेवापुस्तकात नाव आणि लिंग बदलण्याचा अर्ज सगळ्या कागदांसह खात्याला दिला, पोच घेतली. रजा संपल्यावर त्यांची बदली एका तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयप्रमुख म्हणून झाली. बदलीचा आदेश निघाला तो जुन्याच नावाने.

कागदोपत्री त्यांना 'तृतीयपंथी' म्हटलं जातं, कायद्याच्या मराठी नावातही तोच शब्द आहे. त्या स्वतः 'ट्रान्स स्त्री' म्हणतात. म्हणून इथे मीही तेच म्हणते.

कायदा काय सांगत होता ते थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात, स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असं म्हटलं. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं संरक्षण करणारा २०१९चा कायदा आला आणि १० जानेवारी २०२०पासून लागू झाला. त्याच्या कलम ९प्रमाणे नोकरीच्या कोणत्याही बाबतीत, भरतीपासून बढतीपर्यंत, भेदभाव करता येत नाही. कलम ११प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे कार्यालयाने किंवा संस्थेने, एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. २०२०च्या नियमांमध्ये मुदतही घालून दिली आहे : तक्रार आल्यापासून १५ दिवसांत चौकशी, आणि अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत आस्थापनाप्रमुखाने कारवाई. समान संधीचं धोरण लिहून ते दिसेल अशा जागी लावायचं, त्यात सर्वांना वापरता येईल अशा स्वच्छतागृहाची सोय आणि ओळखीबाबतची गोपनीयता नमूद करायची, हेही त्या नियमांत आहे. म्हणजे मॅडमना जे हवं होतं ते सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

काय घडत होतं

मॅडम रुजू झाल्या त्या दिवशी कोणी काही वावगं बोललं नाही. त्रास सुरू झाला तो क्रियापदांपासून. मराठीत माणूस 'आला' किंवा 'आली', 'म्हणाले' किंवा 'म्हणाल्या', यातून सुटका नसते. कार्यालयाने सुटका शोधून काढली. मॅडमसमोर सगळे कर्मणीत बोलू लागले. "फाईल पाहण्यात आली का?" "सूचना देण्यात येतील का?" पाठ वळली की "साहेब आले", आणि त्यामागून दबकं हसू. 'मॅडम' हा शब्द कोणाच्याच तोंडून निघत नव्हता. मॅडम मला म्हणाल्या होत्या, "शिवी दिली असती तर तक्रार तरी करता आली असती. व्याकरणाची तक्रार कुठे करू?"

पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाला तो शिपाई. पुढे एकदा मी त्याला कारण विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "टपालावर सही त्याच नावाची असते की," तो म्हणाला. "मग दुसरं काय म्हणणार?"

दारावरची पाटी जुन्याच नावाची होती. बदलायची तर सेवापुस्तकातली नोंद आधी व्हायला हवी, असं जिल्हा कार्यालयातून सांगितलं गेलं. सेवापुस्तकाची नस्ती, म्हणजे फाईल, 'मार्गदर्शनार्थ' वर गेलेली, आणि वरून उत्तर नाही. पगाराच्या प्रणालीत जुनं नाव, बँकेत नवं नाव. पहिल्या महिन्याचा पगार अडकला तो या गोंधळात.

महिला स्वच्छतागृहाची किल्ली आस्थापना लिपिकाकडे असायची. महिला कर्मचाऱ्यांची हरकत आहे, असं त्याने तोंडी कळवलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहात जाणं मॅडमना शक्य नव्हतं. चार महिने त्या सकाळी साडेनऊनंतर पाणी पीत नव्हत्या. मूत्रमार्गाच्या संसर्गाने दोनदा आजारी पडल्या, रजा टाकली, आणि ती रजाही पुढे त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

मग फायली कमी होऊ लागल्या. क्षेत्रीय तपासणीचं काम 'प्रशासकीय सोयीसाठी' त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे दिलं गेलं. सुनावण्यांच्या तारखा जिल्हा कार्यालयातूनच लागू लागल्या. लोक दारात यायचे, पाटी वाचायचे, आत बसलेल्या बाईंकडे बघायचे आणि बाहेर जाऊन लिपिकाला विचारायचे, "साहेब कुठे गेले?" वर्षअखेरीच्या अहवालात शेरा आला : 'कार्यालयीन वातावरणाशी जुळवून घेण्यात कमी पडतात.' प्रतवारी एक दर्जा खाली.

नेमणुकीची बातमी होते, नंतरच्या दिवसांची होत नाही, हा अनुभव मॅडमच्या आधीचाही आहे. मानबी बंद्योपाध्याय २०१५मध्ये पश्चिम बंगालमधल्या कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या तेव्हा देशभर कौतुक झालं. पुढच्याच वर्षाअखेर सहकारी साथ देत नाहीत म्हणून त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा तेवढी चर्चा झाली नाही. २०१७मध्ये कोची मेट्रोने ट्रान्स कर्मचाऱ्यांना नोकरी दिली. त्यातल्या काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं, कारण त्यांना शहरात कोणी भाड्याने घर देईना.

आमच्यासमोरचे पर्याय

मॅडम आमच्याकडे आल्या त्या संघटनेतल्या एका मैत्रिणीमार्फत. पहिल्या बैठकीला सातजण होतो : दोन ट्रान्स कार्यकर्त्या, एक वकील, एक प्राध्यापक, संघटनेच्या महिला प्रतिनिधी, मॅडम आणि मी. ती बैठक चार तास चालली. त्या चार तासांत आम्ही जे धरलं आणि जे सोडलं त्यावर पुढचं वर्ष गेलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

सगळ्यांत सोपा मार्ग बदलीचा होता. वरिष्ठांनी तो आडून सुचवलाही होता : "तुम्हालाच बरं पडेल." मॅडमनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. नव्या ठिकाणीही जुनीच पाटी लागणार होती, आणि जुळवून घेता येत नाही म्हणून निघून गेल्या, हा शेरा आयता खरा ठरला असता.

वकिलांनी त्याच २०१९च्या कायद्याचं कलम १८ पुढे ठेवलं. त्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. मला तो मार्ग पटला होता, इतका राग आला होता. पण साक्षी कोण देणार? गुन्हा दाखल झाला की सगळं कार्यालय एक होईल, आणि जे दोघे-तिघे मनातून मॅडमच्या बाजूने आहेत तेही तोंड मिटतील. मॅडम म्हणाल्या, "मला माझ्या फायली परत हव्यात. बाकीचं नंतर बघू." कलम १८ बाजूला ठेवलं, सोडलं नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवेतल्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता आलं असतं. पोलीस भरतीत ट्रान्स उमेदवारांसाठी पर्याय ठेवण्याचा आदेश २०२२मध्ये तिथूनच निघाला होता आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही सरकारला तशी तरतूद करायला लावली. पण न्यायाधिकरणापुढे आधी खात्यातले मार्ग वापरून झाले का, हा प्रश्न येतो, आणि आम्ही खात्याकडे लेखी तक्रारच केलेली नव्हती.

वर्तमानपत्रांचा पर्याय सगळ्यांत मोहाचा होता. अडचण अशी की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खाली सरकारी कर्मचाऱ्याला खात्याविरुद्ध जाहीर बोलता येत नाही. मॅडमच्या तोंडून एक वाक्य छापून आलं असतं तर भेदभावाचा विषय बाजूला पडून शिस्तभंगाचा सुरू झाला असता.

बैठकीत सर्वांत कठोर बोलल्या त्या वयाने मोठ्या ट्रान्स कार्यकर्त्या. "हिला वकील आहे, संघटना आहे, पगार आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरींना सिग्नलवरून पोलीस हाकलतात तेव्हा कोण मसुदा लिहितं?" कोणी उत्तर दिलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "पण ही खुर्चीत टिकली तर आमच्या दोन पोरी अभ्यासाला बसतील. म्हणून मी येईन." त्या शेवटपर्यंत आल्या.

ठरलं ते असं : कलम ११ खाली लेखी तक्रार, सोबत रोजची नोंदवही, आणि बाहेरून संघटना व नागरिकांचा दबाव. मॅडमचं नाव कुठेही येणार नाही.

पहिली चूक आमचीच

तिसऱ्या आठवड्यात आमच्यातल्याच उत्साही मुलांनी एक पोस्टर केलं. त्यावर मॅडमचा फोटो, कार्यालयाचं नाव, 'न्याय द्या' आणि धरण्याची तारीख. संध्याकाळपर्यंत ते तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरलं. मॅडमना ते त्यांच्या धाकट्या भावाने पाठवलं. त्या भावाचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी वर्तणूक नियमांखाली कारणे दाखवा नोटीस आली. आम्ही धरणं रद्द केलं, पोस्टर मॅडमच्या माहितीशिवाय तयार केलं गेलं, असं लेखी दिलं आणि मॅडमनी त्या पत्राची प्रत जोडून खुलासा केला. नोटीस पुढे कारवाई न होता दप्तरी दाखल झाली, पण सहा आठवडे गेले. भावाचं लग्न मोडलं नाही, मात्र त्या घरात काही दिवस मॅडमशी कोणी बोलत नव्हतं.

मुलांचा हेतू वाईट नव्हता. चूक त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती. 'नाव येणार नाही' असं आम्ही ठरवलं होतं, पण प्रत्येक कागद, प्रत्येक चित्र बाहेर जाण्याआधी मॅडमच्या डोळ्यांखालून जाईल, असं कोणी ठरवलं नव्हतं. तेव्हापासून तो नियम झाला. मॅडमचं 'ठीक आहे' फोनवर चालणार नाही, लेखी हवं, इतकं आम्ही ते काटेकोर केलं.

पुढची कारवाई

फोटो मागे घेतल्यावर मोहिमेला दुसरा आधार हवा होता. तो कागदात मिळाला. मी माझ्या नावाने, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जिल्ह्यातल्या अकरा सरकारी कार्यालयांना माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारले. २०१९च्या कायद्याच्या कलम ११ खालचे तक्रार अधिकारी कोण? नेमणुकीचा आदेश कोणत्या तारखेचा? समान संधी धोरण कुठे लावलं आहे? मॅडमचं कार्यालय त्या अकरांत एक होतं, पण अर्जात कोणा व्यक्तीचा उल्लेख नव्हता.

तीस दिवसांत नऊ उत्तरं आली. त्यातल्या सहांत एकच शब्द : 'निरंक', म्हणजे काहीच नाही. एकाने महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीची यादी जोडली. एकाने माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) दाखवून अर्ज समाजकल्याणकडे पाठवला, जणू आपल्या कार्यालयात कोणी ट्रान्स व्यक्ती काम करूच शकत नाही. आणि एकाने, मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं, उत्तरासोबत त्याच आठवड्यात काढलेला नेमणुकीचा आदेश जोडला.

ही उत्तरं घेऊन संघटनेचं शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांना भेटलं. आम्ही कोणाबद्दल गाऱ्हाणं घेऊन गेलो नव्हतो. जिल्ह्यात कायद्याची अंमलबजावणी झालेली नाही, एवढंच म्हणणं होतं. जिल्हा दंडाधिकारी या नात्याने ओळखीची प्रमाणपत्रं तेच देतात, तेव्हा त्या प्रमाणपत्राला सरकारी कार्यालयातच मान मिळत नसेल तर तो त्यांच्या सहीचाही अनादर आहे, हे वाक्य मी मसुद्यात घातलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. सर्व कार्यालयांना तक्रार अधिकारी नेमण्याचं पत्र पंधरवड्यात निघालं.

त्याच आठवड्यात मॅडमनी तक्रार दाखल केली. पाच मुद्दे, प्रत्येकासमोर तारीख, वेळ, नस्ती क्रमांक. 'अपमान झाला' असं एकही वाक्य त्यात नव्हतं. हे मॅडमना फार जड गेलं. एका रात्री त्यांनी मला फोन करून विचारलं, "ताई, जे खरं लागलं ते लिहायचंच नाही का?" मी सांगितलं, ते वेगळ्या वहीत लिहा. ती वही त्यांच्याकडे आहे.

मग दुसरं वळण आलं. जिल्हा कार्यालयाने तक्रार अधिकारी नेमला तो नेमका तपासणीचं काम काढून घेण्याच्या आदेशावर ज्याची टिपणी होती तोच. चौकशीवर बहिष्कार टाकावा असं प्राध्यापकांचं आणि माझंही मत होतं. वकील म्हणाले, हरकत लेखी नोंदवा आणि 'हरकत राखून' चौकशीला हजर राहा, नाहीतर 'तक्रारदार सहकार्य करत नाहीत' असा अहवाल जाईल. मॅडमनी वकिलांचं ऐकलं. पुढे तेच उपयोगी पडलं. हरकतीमुळे पहिल्या सुनावणीनंतर अधिकारी बदलला गेला, आणि हजर राहिल्यामुळे चौकशी थांबली नाही.

स्वच्छतागृहाची किल्ली

पाच मुद्द्यांपैकी मला सर्वांत अवघड वाटत होता तो हा. 'महिला कर्मचाऱ्यांची हरकत' याला उत्तर काय? कायदा दाखवून बायकांचं तोंड बंद करायला मला जमलं नसतं. मी स्वतः तेहतीस वर्षं सरकारी कार्यालयांतल्या स्वच्छतागृहांसाठी भांडले आहे, कडी नसलेली दारं पाहिली आहेत. बायकांची भीती मला खोटी वाटत नाही.

संघटनेच्या प्रतिनिधी आणि मी एका शनिवारी त्या कार्यालयातल्या महिला कर्मचाऱ्यांपैकी एकीच्या घरी भेटलो. सहाजणी आल्या. चहा होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग वयाने सर्वांत मोठ्या लिपिक बाई म्हणाल्या, "हरकत? आम्हाला विचारलं कोणी?"

कार्यालयात हरकतीचा सह्यांचा कागद होता. मला त्याची प्रत मिळाली होती, ती मी पुढे केली. बाईंनी चष्मा लावला, स्वतःची सही बराच वेळ पाहिली. "ही सही माझीच," त्या म्हणाल्या. "पण हा कागद हळदीकुंकवाच्या वर्गणीचा म्हणून आला होता. वर हा मजकूर नव्हता." आणखी तिघींनी तेच सांगितलं.

सहांपैकी एकीची मात्र हरकत खरीच होती. तिने ती तोंडावर सांगितली, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटला. आम्ही वाद घातला नाही. कोपऱ्यातली एक खोली जुन्या कागदांनी भरलेली होती, तिला पूर्वी स्वच्छतागृह जोडलेलं होतं. ते दुरुस्त करून कोणालाही वापरता येईल असं करावं आणि मॅडमना महिला स्वच्छतागृहाचीही मुभा असावी, जिला दुसरीकडे जायचं तिने जावं, असं त्यांच्यातच ठरलं. पाचजणींनी स्वतःच्या हाताने लिहून चौकशीत जबाब दिले. वर्गणीचा कागद कोणी वापरला, हे त्या जबाबांनी उघड झालं, आणि चौकशीचा रंग तिथे पालटला. हरकत असलेल्या बाईंनी मत बदललं नाही. पण नवी सोय झाल्यावर सर्वांत जास्त त्याच ती वापरतात.

निष्पत्ती

१५ दिवसांची चौकशी दोन महिने चालली. पाचपैकी तीन मुद्दे सिद्ध झाले : पाटी आणि अभिलेखातलं नाव, स्वच्छतागृह, तपासणीचं काम काढून घेणं. सुनावण्यांच्या तारखांबाबत 'प्रशासकीय निर्णय' म्हटलं गेलं. बोलण्यातल्या वागणुकीचा मुद्दा 'पुराव्याअभावी' निकाली निघाला. त्यावर मॅडम फक्त म्हणाल्या, "बघा, व्याकरणच राहिलं."

सेवापुस्तकात नाव आणि लिंगाची नोंद झाली. ती ओळ ज्याने लिहिली त्या लिपिकाचं अक्षर फार सुरेख आहे. मॅडमनी त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. पाटी बदलली. तपासणीचं काम परत आलं. आस्थापना लिपिकाला लेखी समज देण्यात आली आणि त्याचं टेबल बदललं. ज्या वरिष्ठांच्या सहीने काम काढून घेतलं गेलं, त्यांच्यावर काहीच झालं नाही. ते पुढे नियमित बदलीने गेले.

शेऱ्याविरुद्धचं निवेदन पुनर्विलोकन अधिकाऱ्यांकडे गेलं. वाक्य वगळलं गेलं, पण प्रतवारी तशीच राहिली. कारण न लिहिता प्रतवारी खाली ठेवली, तर ती आणखी वाईट, असं माझं मत आहे. वर वाचणाऱ्याला फक्त आकडा दिसतो, त्यामागची गोष्ट दिसत नाही. न्यायाधिकरणात जायचं की नाही यावर मॅडमनी महिनाभर विचार केला आणि नको म्हणाल्या. दमल्या होत्या. आम्ही आग्रह केला नाही. बढतीच्या यादीत त्याचा फटका बसेल तेव्हा हा निर्णय आम्हाला पुन्हा उघडावा लागेल, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता तिथे 'मॅडम' म्हणतात. काही जण अजूनही कर्मणीत बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी होती. मॅडमनी ती पाचव्या महिन्यात सुरू केली. बोलण्यातल्या वागणुकीचा मुद्दा पडला तो त्यामुळेच. कोणी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, हे त्या त्या दिवशी लिहिलं असतं आणि शिपायाचा जबाब घेतला असता, तर 'साहेब आले' हेही पुराव्यात बसलं असतं. शिपायाला साक्षीला बोलवावं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं कार्यालयात काढूनही नाही आलं, याची मला खंत आहे.

आजारपणाची रजा हा मुद्दा आम्ही तक्रारीत घ्यायला हवा होता. डॉक्टरांचे कागद होते. मॅडमना संकोच वाटला आणि मलाही. स्वच्छतागृह नाकारल्याने प्रकृतीवर झालेला परिणाम लिहिला असता तर तो मुद्दा केवळ सोयीचा राहिला नसता.

सेवापुस्तकाच्या अर्जावर मुदतीचं स्मरणपत्र द्यायला आम्ही उशीर केला. ओळखीच्या प्रमाणपत्राप्रमाणे सर्व शासकीय अभिलेखांत लिंगाची नोंद व्हावी, असं २०१९च्या कायद्याचं कलम ६ सांगतं. 'मार्गदर्शनार्थ' वर गेलेली नस्ती खाली आणायची तर दर महिन्याला एक पत्र लागतं. हे तर माझ्या रोजच्या कामातलं होतं.

ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात आस्थापनांनी तक्रार अधिकारी नेमलेच पाहिजेत, असे निर्देश दिले. तो निकाल आमच्या वेळी हाताशी असता तर माहिती अधिकाराचे अकरा अर्ज टाकावे लागले नसते, असं वकील म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती 'निरंक' उत्तरं टेबलावर ठेवली तेव्हाच समोरचा माणूस पहिल्यांदा गप्प झाला.

गेल्या महिन्यात मी त्या कार्यालयात गेले होते. दारावर नवी पाटी आहे, निळ्या रंगाची, अक्षरं पांढरी. समान संधीचं धोरण जिन्याजवळच्या फलकावर लावलेलं आहे, पण खाली तक्रार अधिकारी म्हणून जे नाव आहे ते अधिकारी बदलून गेले आहेत. मी आवक शाखेत अर्ज दिला, फलकावरचं नाव अद्ययावत करावं म्हणून. पोच घेतली आहे. तारीख वहीत लिहून ठेवली आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं आहे.